बाबांची हनुवटी

थ्रेडिंगला मी लालबागमध्ये कधीच गेले नाही. आमच्या चाळीत सकाळी वरचा ओठ करून आलं तर दुपारपर्यंत काळाचौकीला बातमी पोचते, आणि संध्याकाळी कोणीतरी दारात उभी, "काय गो, बघायला येतायत वाटतं?" पस्तिशीला टेकल्यावर असल्या चौकशा डोक्यात जातात. म्हणून मी बस पकडून गिरगावात जायचे. तिथे एका जिन्याखाली दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. पार्लरवाली बाई कमी बोलायची, आणि मला तेवढंच हवं होतं.

ओठावर लव मला कॉलेजपासून होती. आमच्याकडे त्याला कोणी आजार म्हणत नसे. एका डॉक्टरने पीसीओडी म्हणून सांगितलं होतं, वजन कमी करा, गोळ्या घ्या. मी वजनही कमी केलं नाही आणि गोळ्याही धड घेतल्या नाहीत. चाललं होतं आपलं. पण बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या हनुवटीवर आणि जबड्यावर केस यायला लागले. लव कसली, चांगले काळे, राठ, उशीच्या अभ्र्यात अडकणारे केस. पार्लरच्या फेऱ्या आधी महिन्याच्या होत्या, त्या आठवड्याच्या झाल्या, मग एक दिवसाआडच्या.

अशाच एका दिवशी ती बाई दातात दोरा धरून वाकली होती, ती तशीच थांबली. दोरा सोडून म्हणाली, "ताई, तुमचे केस जागा सोडून येतात."

तिने आरसा दिला. खालच्या ओठाखाली डाव्या बाजूला नखाएवढी जागा अगदी गुळगुळीत होती. तिच्याभोवती सगळीकडे खुंट, आणि तेवढ्या जागेत एकही नाही.

"इथे कधी लागलंय का? टाके वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. माझं मलाच हसू आलं, आणि मग रस्त्यावर आले तेव्हा माझी बस समोर येऊन थांबली आणि मी चढलेच नाही. कारण त्याच जागी बाबांना लागलं होतं. मिलमध्ये नवीन होते तेव्हा मागावरचा धोटा उडून हनुवटीवर बसला होता. जखम भरली, पण तेवढ्या जागेत त्यांना दाढी कधी आली नाही. दाढी करताना ते तिथे वस्तरा उचलायचे आणि पलीकडे ठेवायचे. लहानपणी मी रोज सकाळी ते बघत बसायचे.

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी ते गेले. अँब्युलन्स आली तेव्हा ते स्वतःच्या पायांनी जिना उतरले. खालून वर बघून आईला म्हणाले, "दार लावून घे." त्यानंतर घरी आला तो फोन. आम्हाला तोंड बघायला मिळालं नाही. अस्थी मागायला मी गेले तेव्हा या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं, आणि शेवटी एकाने हात जोडले. त्या दिवसांत कोणाकोणाशी भांडणार? आईने मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण तिच्या लेखी नवरा जिना उतरून गेला होता आणि अजून परत आला नव्हता. कडी लावून ती झोपायची, पण खालची खिट्टी कधी घालायची नाही.

केसांच्या पाठोपाठ आवाज गेला. मी दादरला एका विमा कंपनीत फोनवर बोलायचं काम करते. आधी लोक म्हणाले सर्दी झालीय वाटतं. मग मी "नमस्कार" म्हटलं की पलीकडून "हां सर, बोला" यायला लागलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर मला झापलं, "मघाशी मॅडम होत्या, त्यांनाच द्या, त्या चांगल्या बोलतात." मघाशीही मीच होते. ऑफिसात हा किस्सा मी रंगवून सांगितला, सगळे हसले. बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून रडले, आणि रडण्याचा आवाजसुद्धा अनोळखी निघाला.

आईच्या लक्षात मात्र माझ्याआधी आलं असावं. एका रविवारी मी मोरीत होते आणि टॉवेल बाहेर राहिला होता. मी हाक मारली, "टॉवेल दे गे." स्वयंपाकाच्या ओट्यावर काहीतरी खणकन पडलं. मग दाराच्या फटीतून टॉवेल आला. आईने तो दोन्ही हातांनी धरला होता, मान खाली, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. बाबांना ती तशीच टॉवेल द्यायची. मी म्हटलं, "आई, मी आहे." ती म्हणाली, "माका ठाऊक आसा गो," आणि पुन्हा ओट्याकडे गेली.

पण त्या दिवसापासून माझं ताट खिडकीखाली, भिंतीकडच्या जागेवर मांडलं जायला लागलं. ती बाबांची जागा. मला आधी वाढायचं, मी जेवेपर्यंत पलीकडे बसून राहायचं, मग स्वतः जेवायचं. मी भांडले. म्हटलं, आपण दोघी आयुष्यभर एकत्र जेवलो, हे काय नवीन? तर म्हणे, "माका भूक नाय अजून." रोज भूक नाय. मी चिडून ताट उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कपड्यात केस विंचरत असताना मागून तिचा आवाज आला, अगदी नेहमीचा, घाईचा, "आयकलात काय? वाढलंय."

बाबांना ती नावाने हाक मारत नसे. पस्तीस-छत्तीस वर्षं ती त्यांना "आयकलात काय" अशीच हाक मारायची. मी वळून पाहिलं तर ती आमटी ढवळत होती. तिला आपण काय बोललो याची दखलसुद्धा नव्हती. मी आमटी न खाताच निघाले, तर जिन्यावर शेजारच्या काकू भेटल्या. आमची भिंतीला भिंत लागून, त्यांचं माझ्या आईशी बहिणीसारखं. त्या माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईने काल हिरव्या बांगड्या भरल्या. बाजारातून येताना. मी विचारलं तर हसली फक्त. तू बघ जरा."

तोपर्यंत मी पार्लर सोडून घरीच दाढी करायला लागले होते. पर्याय नव्हता. खिडकीशी आरसा टांगून, फेस लावून, बाबांसारखीच. आई दारात उभी राहून बघायची. तिच्या चेहऱ्यावर जे सुख असायचं ते मला बघवायचं नाही. मी ओरडायचे, जा ना आत. आणि ओरडले की ती आणखीच सुखावायची, कारण बाबासुद्धा सकाळी असेच खेकसायचे. हनुवटीवर आले की माझा हात आपोआप वस्तरा उचलायचा आणि पलीकडे ठेवायचा. तिथे केसच नव्हते, तर उचलणारच ना. मी स्वतःला हेच सांगायचे, आणि तरी दर सकाळी तिथे पोचले की आरशातल्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचे.

दादरला एका ठिकाणी लेझरही करून पाहिलं. तिथल्या मुलीने काही बैठका केल्या. दर वेळी केस आधीपेक्षा दाट. शेवटी ती मशीन बाजूला ठेवून म्हणाली, "मॅडम, मी वरून काढतेय आणि आतून कोणीतरी पुन्हा लावतंय. आधी आतलं बघा." तिला बिचारीला हार्मोन म्हणायचं होतं. मला वाईट स्वप्नं पडली.

परळच्या एका हॉस्पिटलात मी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पिकलेले केस, चष्मा कपाळावर, बोलणं सरळ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे केस किती वर्षांत आले?"

"वर्षं कसली, या उन्हाळ्यात आले."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पाळी थांबली का, कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले का, आवाज कधीपासून बदलला, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "बायकांना केस येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि बहुतेक वेळा घाबरण्यासारखंही नाही. पण ते सावकाश येतात. इतक्या घाईने आले आणि आवाज घेऊन आले, तर मला आत बघावं लागेल."

रक्त तपासलं. पुरुषांच्या अंगात जे हार्मोन असतं ते माझ्या अंगात पुरुषाइतकं होतं. मग स्कॅन झाला. उजव्या अंडाशयावर सुपारीपेक्षा जरा मोठी एक गाठ होती, आणि ती बसल्या बसल्या हे सगळं तयार करत होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. राखाडी, गोल, कुणी पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखी. मी पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं नाही.

"काढायला हवी," त्या म्हणाल्या. "चांगली आहे की वाईट, म्हणजे कॅन्सर आहे की नाही, ते काढून तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. बहुधा चांगलीच निघेल. पण बहुधावर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही."

मी त्यांना हनुवटीचं सांगितलं. वेडी म्हणतील म्हणून हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाढी कोणालाच सारखी येत नाही, मोकळ्या जागा राहतात. आणि तुम्ही वडिलांची मुलगी आहात, हनुवटी त्यांचीच असणार." मी विचारलं, हे सगळं परत जाईल ना? "केस जातील, हळूहळू. उरलेले लेझरने काढू, तेव्हा लेझर काम करेल. आवाज मात्र खाली गेला तो गेला. तो सहसा वर येत नाही."

घरी येऊन मी आईला समोर बसवून सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, तपासणी. ती मन लावून ऐकत होती. हिरव्या बांगड्या मनगटावर फिरवत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मगे तेंका कापून काढतले?"

"कोणाला?"

ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी म्हटलं, "आई, ती गाठ आहे. मांसाचा गोळा आहे. मरेन मी त्याने."

"मी गावाक फोन केललंय," ती म्हणाली. "गुरवाक सांगून देवाक कौल लावलंय."

कौल म्हणजे आमच्या गावी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं आमच्याकडे त्यावर चालतं.

"काय विचारलंस?"

"घरचा माणूस घरात परत इलो हा काय, असा. देवान उजवो दिल्यान."

"आणि हे विचारलंस का, की पोरीचं ऑपरेशन करू की नको?"

"ता मी विचारूक नाय."

"का?"

तिने पहिल्यांदा डोळे पुसले. "डावो दिल्यान तर?"

इतके दिवस मला वाटत होतं की तिला मी दिसतच नाही. मी तिला दिसत होते. तिला दोघं हवी होती, आणि एकाच अंगात दोघं राहू शकणार नाहीत हे तिला कुठेतरी कळत होतं.

ऑपरेशनची तारीख गणपतीनंतरची मिळाली. आमच्या खोलीत पाच दिवसांचा गणपती असतो, आणि गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा होता. आरती झाली की घरातल्या पुरुषाने देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मागणं मागायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. बाबांचा आवाज खर्जातला. ते गाऱ्हाणं घालायला लागले की खालच्या मजल्यावरची माणसं वर यायची. ते गेल्यावर शेजारचे काका घालायचे, पण ते तोंडातल्या तोंडात.

त्या वर्षी आरती संपली, काका पुढे सरकले, तेवढ्यात आई म्हणाली, "ती घालीत." बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. कोणीतरी हळूच खोकलं. मी नाही म्हणणार होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो आवाज एकदा मोठ्याने काढून बघायचा होता. इतके महिने मी तो दाबून, पातळ करून वापरत होते. मी हात जोडले.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या घरच्या लेकरांनी तुझी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," खोली म्हणाली. गॅलरीतून चपलांचे आवाज यायला लागले. माणसं येत होती.

"कोणाची नोकरी असात, कोणाचा दुखणा असात, ज्या काय वाकडानाकडा असात ता सरळ कर, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

दारात एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले. बाबांच्याच खात्यात होते मिलमध्ये. त्यांनी आत कोण बोलतंय ते पाहिलं आणि चौकटीला धरून खाली बसले. मला थांबायला हवं होतं. गाऱ्हाणं तिथेच संपतं. पण माझ्या तोंडातून पुढचं वाक्य आलं.

"आणि जो दारापर्यंत येऊन परत गेलो, तेकाय तुझ्या सावलीत ठेव, रे म्हाराजा."

कोणीच "होय म्हाराजा" म्हणालं नाही. असं वाक्य कोणी कधी ऐकलंच नव्हतं. पंखा फिरत होता, समईची वात तडतडली. मग मागून आईचा एकटीचा आवाज आला, "होय म्हाराजा."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी घासताना, तिने मला सांगितलं. माझ्याआधी तिला मुलगा झाला होता. हॉस्पिटलातून घरी आणताना, जिन्याच्या पायरीशी, तो गेला. हे नवराबायकोखेरीज कोणाला धड माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही. आणि दर वर्षी गाऱ्हाणं संपल्यावर बाबांचे ओठ आवाज न काढता हलायचे. आई विचारायची, काय म्हणालात? ते म्हणायचे, काय नाय.

मी लहान असताना त्यांच्या पायाशी उभी राहायचे. कधीतरी ते पुटपुटले असतील, माझ्या कानावर पडलं असेल, कुठेतरी साठून राहिलं असेल. मी अजूनही हेच धरून चालते. आईला मी तसं म्हटलं तेव्हा तिने कढई पालथी घालून ठेवली आणि म्हणाली, "होय गो, तसाच आसात." माझं समाधान करण्यासाठी म्हणाली ती.

ऑपरेशनच्या दिवशी आईबरोबर शेजारच्या काकू होत्या. मला आत नेताना आईने माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि तो पोटावर क्षणभर ठेवला. पुढचं मी नंतर ऐकलेलं सांगते. दुपारी दार उघडून एका डॉक्टरांनी विचारलं, नातेवाईक कोण? काकू चहा आणायला खाली गेल्या होत्या. आई पुढे झाली. तिच्या हातात त्यांनी झाकणाची प्लास्टिकची बरणी दिली. आत पाण्यासारखं औषध आणि त्यात ती गाठ. वर आमच्या आडनावाची पट्टी. असल्या हॉस्पिटलांत नमुना नातेवाईकच तपासणीच्या खात्यात नेऊन देतात, समोरच्या इमारतीत. रोज शेकड्याने बरण्या अशा जातात. त्यांनी तसं सांगितलंही असेल, घाईत. आईला ऐकू आलं ते एवढंच, "हे घेऊन जा."

काकू चहा घेऊन वर आल्या तर बाकावर आईची पिशवी होती आणि आई नव्हती.

संध्याकाळी मला शुद्ध आली तेव्हा ती पलंगाशी होती. साडी गुडघ्यापर्यंत ओली, पायांना वाळू चिकटलेली, मनगटं मोकळी. मला गुंगी होती, मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. ऑपरेशन छान झालंय म्हणाल्या, मग कपाळाला आठी घालून, "तपासणीवाले म्हणतात त्यांच्याकडे नमुना आलाच नाही. कोणाच्या हातात दिला होता?"

आई उभी राहिली. "माज्या. मी सोडलंय तो. दादरच्या चौपाटीवर."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. आई अगदी शांतपणे, चूक समजावून सांगावी तसं सांगत होती. "तेवा तेंच्या अस्थींची बरणी कोणी दिल्यानी नाय. हिनं किती हेलपाटे घातले. काल माज्या हातात दिल्यानी, वर आमचा आडनाव. माका वाटला, उशिरा का होयना, दिल्यानी." तिने टॅक्सी केली होती. कमरेइतक्या पाण्यात जायची तिला भीती वाटली, म्हणून गुडघ्यापर्यंत गेली. झाकण उघडलं, तीन वेळा पाणी सोडलं, आणि दिलं सोडून. बांगड्याही तिथेच.

डॉक्टर बाहेर गेल्या. मला टाके होते, उठता येत नव्हतं. मी पडल्या पडल्या ओरडले. इतकं मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. "तुला कळतंय का काय केलंस? ती तपासायची होती. माझ्या अंगात काय होतं ते आता कोणाला कळणार नाही." सगळा वॉर्ड उठून बसला. कॉरिडॉरमधून नर्स धावत आली आणि पडदे बाजूला करत विचारायला लागली, "बायकांच्या वॉर्डात पुरुष कोण आहे?"

बाबा ओरडले की आई मान खाली घालायची. गेले काही महिने मी ओरडले तरी घालायची. त्या सकाळी तिने घातली नाही. किती दिवसांनी तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. टोचणारे खुंट, सुजलेले डोळे, सगळ्याकडे नीट पाहिलं, आणि नर्सला म्हणाली, "माझी मुलगी आसा ती."

मग माझ्याकडे वळली. "बोंबलू नको, बाय. टाके तुटतीत. ते गेले. ह्यो आवाज आता तुझो."

मी रडायला लागले. ती स्टूल ओढून बसली. मी बोलले होते ते तेव्हा कुठे तिच्या आत पोचत होतं, मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"म्हणजे तुका काय झालेला ता आता कळाचाच नाय?"

मी मान हलवली. आता दर काही महिन्यांनी माझं रक्त तपासतात, स्कॅन करतात, आणि आजवर सगळं स्वच्छ आलंय. केस पुष्कळ गेलेत. पण त्या सकाळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिने पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली. "तेंका सोडूच्या नादात मी तुकाच पाण्यात सोडून इलंय काय गो?"

"नाही गो आई," मी म्हटलं. आवाज बाबांचाच होता, पण ती माझ्याकडे बघत होती.